क्लेसी कमिन्स: बोटीचे इंजिन मोटारीत बसवणारा शेतकऱ्याचा मुलगा

धान घेऊन गोंदियातील राइस मिलकडे निघालेल्या एखाद्या ट्रकवर, किंवा लग्नमंडपामागे धडधडणाऱ्या मोठ्या जनरेटरवर 'कमिन्स' हा शब्द तुम्ही वाचला असेल. ते एका माणसाचे आडनाव आहे. क्लेसी लाइल कमिन्स यांचा जन्म २७ डिसेंबर १८८८ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात, एका साध्या शेतकरी कुटुंबात झाला.

धानाच्या खोडकिड्यावर आणि खताच्या मात्रांवर लिहिणाऱ्या या पानावर एका इंजिनवाल्याचे चरित्र का, असे तुम्हाला वाटेल. कारण सरळ आहे. कापणी-चुरणीचे दिवस आले की सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव भागातून एक प्रश्न हमखास येतो. घरी जुनी पेट्रोल जीप पडून आहे. तिला डिझेल इंजिन बसवून मागे पिकअपसारखा हौदा केला, तर बांध्यांच्या कडेच्या पांदण रस्त्याने पोती बाहेर काढता येतील का? ज्या माणसाने स्वतःच्या हाताने हे करून पाहिले, त्यातून बुडत चाललेला कारखाना वाचवला आणि त्याच उद्योगात मरता मरताही वाचला, त्याची हकीकत या प्रश्नाचे बरेचसे उत्तर देते. कृषी सहायकांनीही ती वाचावी, कारण असा प्रश्न गावात आधी त्यांनाच विचारला जातो.

क्लेसीचे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. त्या काळी अमेरिकेत मळणी वाफेच्या इंजिनावर होत असे आणि शेतकऱ्यांच्या पोरांना त्या यंत्राचे वेड असणे स्वाभाविक होते. क्लेसीचे वेड जरा पुढचे होते. वयाच्या ११ व्या वर्षी त्याने स्वतः एक छोटे वाफेचे इंजिन तयार केले आणि ते चालले. पुढे निरनिराळ्या कारखान्यांत तो हाताने काम शिकला. इंडियानापोलिस येथील ५०० मैलांची मोटार शर्यत १९११ साली पहिल्यांदा झाली. ती जिंकणाऱ्या मार्मन गाडीच्या तंत्रज्ञांत हा तरुणही होता.

त्याआधीच, १९०८ साली, कोलंबस या गावातील विल्यम आयर्विन नावाच्या बँकमालकाकडे क्लेसी ड्रायव्हर म्हणून लागले होते. आयर्विन यांनी ड्रायव्हरचा हात ओळखला. मोटारीच्या गॅरेजमध्येच त्यांना छोटे वर्कशॉप काढू दिले आणि पुढे कित्येक वर्षे पैसाही पुरवला. आपल्याकडे औंधच्या राजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना जमीन देऊन कारखाना उभा करायला मदत केली, तसाच हा प्रकार म्हणायचा. ३ फेब्रुवारी १९१९ रोजी कमिन्स इंजिन कंपनी स्थापन झाली.

पहिला माल होता शेतीचाच. ह्विड नावाच्या डच पद्धतीच्या तेल इंजिनाचा परवाना घेऊन कमिन्स यांनी लहान इंजिने बनवायला सुरुवात केली. पाणी उपसणे, कडबा कापणे, दाणे भरडणे अशा कामांची ही इंजिने काही तर दीड अश्वशक्तीची, म्हणजे आपल्या विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनापेक्षाही लहान होती. सिअर्स रोबक ही टपालाने माल विकणारी मोठी कंपनी ती शेतकऱ्यांना विकणार होती. ऑर्डर मोठी आली. पण सिअर्सची हमी अशी होती की माल पसंत नसेल तर परत करा आणि पैसे घ्या. हंगामभर इंजिन वापरायचे आणि काम संपले की परत पाठवायचे, हे अनेकांच्या लक्षात आले. परत आलेल्या इंजिनांचा ढीग साचला, व्यवहार मोडला आणि मोठा तोटा झाला. ही गोष्ट सांगताना सगळा दोष शेतकऱ्यांच्या माथी मारला जातो, ते मला पटत नाही. ह्विड पद्धतीत इंधन मोजून आणि नेमक्या क्षणी सोडण्याची सोय ओबडधोबडच होती. हंगामाच्या ऐन भरात इंजिन रुसले तर शेतकऱ्याने किती दिवस वाट पाहायची?

कमिन्स यांनी मात्र दोष इंजिनातच शोधला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा पिस्टन इतकी दाबतो की ती तापून लालबुंद लोखंडासारखी होते, आणि त्या हवेत डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटते. फवारा क्षणभर लवकर आला तर इंजिन ठोके देते, उशिरा आला तर काळा धूर ओकते. तुमच्या पंपाचा नोझल खराब झाल्यावर जे दिसते तेच. १९२० ते १९३० या दशकात कमिन्स यांनी बहुतेक सगळी शक्ती या फवाऱ्यावर खर्च केली आणि आपली स्वतःची इंधन पद्धत बसवली. इंजिने विकली जात होती ती मासेमारीच्या आणि इतर बोटींसाठी. बोटीत वजनाची चिंता कमी, थंड करायला पाणी अमर्याद आणि वेगही एकसारखा. जड डिझेल इंजिनाला यापेक्षा सोयीची जागा नाही.

मग १९२९ साली अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. बोटी घेणारे नाहीसे झाले. दहा वर्षे झाली तरी कंपनीने नफा दाखवला नव्हता आणि आयर्विन यांनी हात आखडता घेणे अगदी शक्य होते.

अशा वेळी कमिन्स यांनी एक जुनी पॅकार्ड लिमोझिन घेतली. तिचे पेट्रोल इंजिन काढले आणि त्या जागी स्वतःच्या कारखान्याचे 'यू' मॉडेल, चार सिलिंडरचे बोटीचे डिझेल इंजिन बसवले. १९२९ च्या नाताळच्या दिवशी आयर्विन यांना त्यांनी या गाडीतून फिरवून आणले. म्हातारा मालक खूश झाला. काही दिवसांतच, जानेवारी १९३० मध्ये, कमिन्स ती गाडी चालवत न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला गेले. अंतर सुमारे ८०० मैल, म्हणजे जवळजवळ १,३०० किलोमीटर. इंधनाचा खर्च झाला १ डॉलर ३८ सेंट. वर्तमानपत्रांनी हा आकडा उचलून धरला. कंपनीला पुढची वाट सापडली ती या गाडीमुळे.

इथे थोडे थांबून तुमच्या जीपकडे पाहू. पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल बसवताना सर्वांच्या डोळ्यांपुढे फक्त इंधनाचा खर्च असतो. कमिन्स यांच्याही जाहिरातीत तोच आकडा होता. पण इंजिन बदलले की त्याच्याभोवतीच्या चार-पाच गोष्टीही बदलतात. डिझेलमध्ये हवा पेट्रोलच्या साधारण दुप्पट दाबली जाते, म्हणून त्याचा ब्लॉक, क्रँक, हेड सगळे जाड आणि जड असते. हे वजन पुढच्या चाकांवर येते. पुढचे पाटे आणि इंजिनचे माउंटिंग तेवढे बळकट नसेल तर पांदणीतल्या पहिल्याच खड्ड्यात गाडी नाक टेकते, आणि चिखलात पुढचा भाग जड असणे म्हणजे रुतणे. दुसरे, डिझेल कमी फेऱ्यांवर जोर देते पण जास्त फेरे घेत नाही. पेट्रोल इंजिनासाठी ठरवलेले गिअरचे प्रमाण त्याला जुळत नाही. एकतर गाडी रांगते, नाहीतर गिअरबॉक्स आणि क्लच जोर सहन न होऊन जातात.

काही जण विहिरीवरचे पाच अश्वशक्तीचे इंजिनच चाकांवर चढवतात. त्याचा हिशेब मांडून पाहा. गाडी, चालक आणि पोती मिळून दीड टन वजन धरा, आणि दर १० मीटरला एक मीटर चढ. साधनांमधली घट आणि रस्त्याचा विरोध धरला तर ताशी सहा किलोमीटरपेक्षा जास्त वेग मिळत नाही. चालत्या माणसाचा वेग. सपाट रस्त्यावर ते पळते म्हणून फसायला होते. शिवाय बोटीतले किंवा विहिरीवरचे इंजिन थंड करायला वाहते पाणी असते, गाडीत फक्त रेडिएटर आणि पंखा. चिखलातून पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास ओढताना वारा लागत नाही आणि जोर मात्र पूर्ण, तेव्हाच हेड तडकते.

पुन्हा कमिन्स यांच्याकडे. पुढची दोन वर्षे त्यांनी एकामागून एक विक्रम केले. काही लोक याला नुसता तमाशा म्हणत, पण माल खपवायला पैसा नसलेल्या कारखान्याला दुसरा मार्ग नव्हता. १९३१ साली डेटोनाच्या वाळूवर त्यांची डिझेल गाडी ताशी १०० मैलांच्या वर पळाली. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या शर्यतीत डेव्ह एव्हान्स या चालकाने कमिन्स डिझेल गाडी ५०० मैल एकदाही न थांबता चालवली. बाकीच्या गाड्या इंधन आणि टायरसाठी थांबत होत्या. डिझेल गाडी वेगात कमी होती, तरी न थांबल्यामुळे १३ वी आली. वर्षाच्या शेवटी एक ट्रक त्याच मैदानावर सुमारे १४,६०० मैल न थांबता फिरवला गेला. ट्रकमालकांना हवी होती ती खात्री यात मिळाली.

त्याच १९३१ सालात ती घटना घडली. डिझेल ट्रक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर, न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसला नेण्याचा बेत होता. ट्रकवर कमिन्स स्वतः आणि त्यांचे दोन साथीदार होते. चालण्याचा वेळ लागला ९७ तासांच्या आसपास, इंधन लागले ११ डॉलर २२ सेंटचे. हे आकडे कंपनीने छापले. कॅलिफोर्नियात शिरताना कहोन नावाचा लांब घाट उतरावा लागतो, खाली सॅन बर्नार्डिनो गाव. उतारावर ट्रकचा वेग वाढू लागला. ब्रेक दाबून दाबून तापले आणि धरेनासे झाले. खाली रेल्वेचे फाटक होते आणि त्यावरून मालगाडी जात होती. ट्रक थांबवण्याचा कोणताही मार्ग उरला नव्हता. मालगाडी वेळेवर पुढे सरकली आणि ट्रक थोडक्यात वाचला.

ट्रक का थांबला नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की हवा आत येण्याची वाट झडपेने जवळजवळ बंद होते. पिस्टनला अपुऱ्या हवेत ओढत राहावे लागते, आणि त्यामुळे गाडी मागे ओढल्यासारखी होते. डिझेल इंजिनात ही झडप नसते. पाय काढला तर डिझेल बंद होते, हवा मोकळी येतच राहते. पिस्टन वर जाताना ती हवा दाबतो, त्यात गाडीची शक्ती खर्च होते खरी, पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उसळून पिस्टनला परत खाली ढकलते आणि घेतलेली बहुतेक शक्ती परत देते. म्हणून पेट्रोल गाडीच्या सवयीने डिझेलवर भरवसा ठेवून उतार उतरणारा फसतो. ब्रेकलाच सगळे झेलावे लागते. वजन दुप्पट तर ब्रेकमध्ये उष्णता दुप्पट, वेग दुप्पट तर उष्णता चौपट.

आणि अदलाबदलीत आणखी एक गोष्ट हरवते, ती फार जणांच्या लक्षात येत नाही. नंतरच्या काळातल्या पेट्रोल गाड्यांत ब्रेकचा पेडल हलका करणारा बूस्टर असतो. तो इंजिनातल्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. डिझेलमध्ये ती ओढच नसल्याने वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो, बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या मागे. गॅरेजवाल्याने तो लावला नाही तर पेडल दगडासारखा कडक होतो. रिकामी गाडी चालवताना तुम्ही पाय जोरात दाबून निभावून न्याल. दरेकसाच्या उतारावर, वीस पोती भरलेली असताना, नाही निभणार. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरण्याची सवय तर अशा गाडीत अजिबात नको.

कमिन्स यांच्या पुढच्या काळाबद्दल थोडक्यात. १९३३ साली ट्रकसाठीचे 'एच' इंजिन आले आणि ते चांगले चालले. १९३४ पासून कारभार आयर्विन यांच्या घरातल्या तरुणाकडे, आयर्विन मिलर यांच्याकडे गेला. १९३७ साली, स्थापनेनंतर १८ वर्षांनी, कंपनीला पहिला नफा झाला. इतकी वर्षे धीर धरणारा सावकार मिळणे हे कमिन्स यांचे मोठे भाग्य, त्यांच्या हुशारीइतकेच. पुढे ते कंपनीच्या रोजच्या कामातून दूर होत गेले आणि कॅलिफोर्नियात राहायला गेले.

कहोनचा घाट मात्र डोक्यातून गेला नव्हता. पन्नाशीच्या दशकात, वयाची साठी उलटल्यावर, त्यांनी त्यावर तोड काढली. दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलते ही अडचण आहे ना? मग पिस्टन अगदी वर पोहोचताच धुराकडचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून ती हवा बाहेर सोडून द्यायची. परत ढकलायला काही उरणार नाही. शक्ती देणारे इंजिन तेवढ्यापुरते शक्ती खाणारा कॉम्प्रेसर होईल. प्रश्न होता व्हॉल्व्ह नेमक्या त्या क्षणी उघडायचा कसा. कमिन्स यांच्या लक्षात आले की त्यांच्या इंजिनात डिझेलचा फवारा सोडण्यासाठी जो कॅम असतो, तो अगदी त्याच क्षणी हलतो. त्याची हालचाल तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हपर्यंत नेली की झाले. ड्रिल मशीनचे चक बनवणाऱ्या जेकब्स कंपनीने ही कल्पना घेतली आणि १९६१ पासून हा इंजिन ब्रेक बाजारात आला. घाट उतरणाऱ्या ट्रकमधून फटफट असा मोठा आवाज येतो तो या ब्रेकचा. तीस वर्षांपूर्वीच्या एका उताराचे उत्तर असे मिळाले.

त्याच सुमारास त्यांचे नाव महाराष्ट्रात पोहोचले. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी सुरू झाली आणि कोथरूडच्या कारखान्यात मोठी डिझेल इंजिने बनू लागली. शेतीच्या लहान इंजिनांत किर्लोस्करांचा हात आधीच बसलेला होता. मोठ्या इंजिनांसाठी ही जोड मिळाली. आज तीच कमिन्स इंडिया आहे. साताऱ्याकडे फलटणला त्यांचे कारखाने आहेत, आणि पुण्यातले मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय तर आपल्या भागातल्या मुलींनाही ठाऊक आहे. कमिन्स यांनी १९६७ साली आत्मचरित्र लिहिले आणि १७ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात कंपनीने 'बी' मालिकेचे इंजिन काढले, तेही केस या शेती अवजारांच्या कंपनीबरोबर भागीदारीत. मूळ कामे ट्रॅक्टर आणि बांधकाम यंत्रांची. १९८९ पासून हेच सहा सिलिंडरचे, सुमारे ५०० किलो वजनाचे इंजिन डॉज पिकअपमध्ये कारखान्यातूनच बसून येऊ लागले. त्याचा चार सिलिंडरचा धाकटा भाऊ अमेरिकेतले हौशी लोक जुन्या माल पोहोचवणाऱ्या व्हॅनमधून काढून जीपमध्ये बसवतात आणि डोंगर-चिखलात फिरवतात. पण तिथल्या जाणत्या कारागिराकडे गेलात तर इंजिनाच्या किमतीआधी तो पुढचे पाटे, रेडिएटर, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांचा खर्च सांगतो.

तुमच्या जीपसाठीही हिशेब त्याच क्रमाने करा. आणि पहिला रुपया खर्च करण्याआधी एमएच ३५ च्या परिवहन कार्यालयात जाऊन या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि इंजिन बदलले तर ते नोंदवावे लागते. इंधनाचा प्रकार बदलणे, जीपचा पिकअप करणे या दोन्ही गोष्टी यात येतात. परवानगी नसेल तर विमा कंपनी अपघाताची भरपाई नाकारू शकते, आणि हौद्यात बसून शेतावर जाणाऱ्या मजुरांचा भार मग तुमच्या सातबाऱ्यावर येतो. परवानगी मिळत नसेल तर पोती काढायला ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्याने घ्या, किंवा गटाने मिळून एक नोंदणीकृत चार चाकी ओढीचा पिकअप घेण्याचा विचार करा. जुने डिझेल इंजिन हाताशी असेलच तर ते चुरणीच्या यंत्राला किंवा पंपाला जोडा. एका जागी, पाण्याने थंड राहणारे, एकसारख्या फेऱ्यांवर चालणारे काम त्याला चांगले मानवते.